एका हाताचा डाव

सहाव्या वर्षी उजवा हात गमावलेला खाणकामगाराचा मुलगा अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये उतरला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पीट ग्रेला आयुष्यभर टाळ्या मिळाल्या. त्याला हवं होतं ते मात्र वेगळंच होतं…

चेंडू उंच उडाला की आउटफिल्डमधला तो सडपातळ खेळाडू पळत सुटायचा. डावा हात वर जायचा आणि चेंडू ग्लोव्हमध्ये अलगद विसावायचा. इथवर सगळं इतर खेळाडूंसारखंच. गंमत पुढची होती. झेल घेतल्या घेतल्या तो ग्लोव्ह उजव्या काखेत खुपसायचा, हात सोडवून घ्यायचा, चेंडू छातीवरून घरंगळत डाव्या तळव्यात यायचा आणि पुढच्या क्षणी थ्रो थेट बेसच्या दिशेनं सुटलेला असायचा! हे सगळं वाचायला जेवढा वेळ लागला, त्यापेक्षाही कमी वेळात. पहिल्यांदाच सामना बघायला आलेला प्रेक्षक बुचकळ्यात पडायचा. मग त्याच्या लक्षात यायचं, की या खेळाडूच्या शर्टाची उजवी बाही रिकामी आहे.

त्याचं नाव पीट ग्रे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतलं शेंबडं पोरही हे नाव ओळखत होतं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘वन-आर्म्ड वंडर’ म्हणजे एका हाताचा चमत्कार ठरवून टाकलं होतं. पीटला मात्र चमत्कार व्हायचं नव्हतं. त्याला फक्त बेसबॉल खेळायचा होता. या दोन गोष्टींमधलं अंतर किती मोठं आहे, हे त्याच्या सगळ्या कारकिर्दीवरून कळतं.

कोळशाच्या गावातला पोरगा

पेनसिल्व्हेनिया राज्यातलं नॅन्टिकोक हे कोळशाच्या खाणींचं गाव. पूर्व युरोपातून पोट भरायला आलेली कितीतरी कुटुंबं इथं स्थिरावली होती. त्यातल्याच एका लिथुएनियन कुटुंबात ६ मार्च १९१५ रोजी पीटचा जन्म झाला. मूळ आडनाव वायश्नर. बाप खाणीत राबायचा. पीटचा एक भाऊ पुढे मुष्टियोद्धा बनला आणि ‘ग्रे’ या नावानं लढू लागला. खेळाच्या मैदानावर पीटनंही तेच नाव घेतलं.

सहा वर्षांचा असताना फेरीवाल्याच्या गाडीवर चढून फिरण्याच्या नादात तो घसरला आणि त्याचा उजवा हात चाकाच्या आऱ्यांमध्ये अडकला. जखम इतकी भयंकर होती, की डॉक्टरांना हात कोपराच्या वरून कापावा लागला. बरं, पोरगा जन्मानं उजवा! जेवण, लिहिणं, बुटाची नाडी बांधणं… सगळं डाव्या हातानं नव्यानं शिकणं आलं.

त्या काळच्या खाणकामगारांच्या गावात मुलगा जेमतेम हाताशी आला की खाणीत जायचा. एक हात नसलेल्या मुलाचं भवितव्य काय, या प्रश्नाला गावाकडे उत्तर नव्हतं. पीटनं स्वतःपुरतं शोधलं. रेल्वेच्या रुळांलगत खडीचा तुटवडा नसतो. एका हातात काठी धरायची, त्याच हातानं दगड वर उडवायचा आणि तो खाली येईपर्यंत काठी फिरवून फटका मारायचा. तासन् तास, वर्षानुवर्षं. मनगटात ताकद आली, नजर बसली. डोळ्याला चेंडूचा वेग कळायला लागला.

आणखी एक गोष्ट तो पुढे नेहमी सांगायचा. १९३२ सालच्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना शिकागोच्या रिग्ली फील्डवर झाला, तेव्हा सतरा वर्षांचा पीट प्रेक्षकांमध्ये होता. त्या सामन्यात बेब रूथनं हात उंचावून जणू आधीच दिशा दाखवली आणि मग चेंडू मैदानाबाहेर भिरकावला. रूथनं खरोखर दिशा दाखवली होती का, यावर अमेरिकेत अजूनही वाद झडतात. पीटच्या दृष्टीनं वादाचा प्रश्नच नव्हता. स्वतःवर एवढा भरवसा असला तर माणूस काहीही करू शकतो, हे त्यानं त्या दिवशी मनाशी पक्कं केलं.

दहा डॉलर्सची पैज

मनाशी पक्कं केलं म्हणून दार उघडत नाही. ज्या संघाकडे जावं तिथले लोक आधी रिकाम्या बाहीकडे बघायचे आणि मग दाराकडे बोट दाखवायचे. ब्रुकलिनच्या बुशविक्स या नामांकित अर्धव्यावसायिक संघाकडे तो गेला त्या वेळचा किस्सा प्रसिद्ध आहे. संघाचा मालक त्याच्याकडे बघून हसला. पीटनं खिशातून दहा डॉलर्सची नोट काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. आपण चांगले खेळलो नाही तर ही नोट तुमची, एवढंच त्याचं म्हणणं. पठ्ठ्याला संधी मिळाली आणि नोटही परत मिळाली!

डिसेंबर १९४१मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धात उतरली. हजारो तरुणांप्रमाणे पीटही सैन्यात भरती व्हायला गेला. अर्थातच त्याला परत पाठवण्यात आलं. एका हातानं बेसबॉल खेळता येतो, तर बंदूक का नाही चालवता येणार, असा त्याचा सवाल होता. त्यावर भरती अधिकाऱ्यांकडे नियमाशिवाय दुसरं उत्तर नव्हतं.

युद्धानं एक दार बंद केलं आणि दुसरं किलकिलं केलं. ते दार होतं मायनर लीगचं.

मायनर लीग म्हणजे काय?

आपल्या वाचकांना इथं जरा खुलासा हवा. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये सर्वात वर असते ती मेजर लीग. त्या काळी तिच्यात फक्त १६ संघ होते. तिच्याखाली मायनर लीग्जची मोठी शिडी. सगळ्यात खालची पायरी ‘डी’, मग ‘सी’, ‘बी’, ‘ए’ असं करत वर चढायचं. आपल्याकडे क्लबातून रणजीत आणि रणजीतून कसोटीत जायचं, तसंच काहीसं. फरक इतकाच, की या शिडीवर प्रत्येक पायरी म्हणजे पोटापाण्याचा धंदा. तुटपुंजा पगार, बसमधून रात्ररात्रभर प्रवास, स्वस्तातली हॉटेलं आणि आज ना उद्या वरून बोलावणं येईल ही आशा.

छोट्या गावांसाठी हे संघ म्हणजे जीव की प्राण. टेलिव्हिजन घराघरांत पोहोचण्याआधी संध्याकाळची करमणूक म्हणजे गावचा बेसबॉल सामना. युद्धानंतर, १९४९मध्ये तर देशात अशा ५९ लीग्ज होत्या आणि वर्षभरात जवळजवळ चार कोटी प्रेक्षकांनी मायनर लीगचे सामने बघितले. त्यानंतर टीव्ही आला आणि हे वैभव ओसरत गेलं. हजारो खेळाडू या शिडीवर चढले. बहुतेक जण मधल्याच कुठल्या तरी पायरीवरून घरी परतले.

पीटनं १९४२मध्ये पाय ठेवला तो ‘सी’ वर्गाच्या पायरीवर. कॅनडातल्या क्विबेक प्रांतातलं त्र्वा-रिव्हिएर हे गाव. तिथल्या प्रेक्षकांनी त्याच्या खेळावर खूश होऊन मैदानात नाणी आणि नोटांचा पाऊस पाडल्याची हकिकत सांगितली जाते. त्या मोसमात ४२ सामन्यांमध्ये त्याची बॅटिंगची सरासरी होती .३८१. बेसबॉलची सरासरी क्रिकेटसारखी धावांची नसते. शंभर वेळा बॅट घेऊन उभं राहिलं, तर त्यात यशस्वी फटके किती, याचा तो हिशेब. शंभरात तीस म्हणजे .३०० ही सरासरी उत्तम समजली जाते. पीटची होती शंभरात अडतीस!

मेम्फिसमधली दिवाळी

पुढच्या वर्षी त्याला मेम्फिसच्या चिक्स संघानं घेतलं. सदर्न असोसिएशनमधला हा संघ, म्हणजे शिडीवर काही पायऱ्या एकदम वर. पहिलं वर्ष बरं गेलं. सरासरी .२८९. १९४४ साली मात्र पीटनं कमाल केली. सरासरी .३३३. पाच होमरन. आणि ६८ वेळा बेस चोरला! पिचर चेंडू टाकण्याच्या बेतात असताना धावपटूनं सगळ्यांची नजर चुकवून पुढच्या बेसवर झेप घ्यायची, याला बेस चोरणं म्हणतात. त्याला हात कमी आणि पाय व डोकं जास्त लागतं. वर्षअखेर सदर्न असोसिएशनचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून पीट ग्रेची निवड झाली. दयेपोटी दिलेलं उत्तेजनार्थ बक्षीस नव्हतं ते. दोन हातांच्या सगळ्या खेळाडूंना मागे टाकून मिळवलेला मान होता.

एका हातानं हे जमायचं कसं? ग्लोव्हमधलं भरावाचं अस्तर पीटनं काढून टाकलं होतं. तो ग्लोव्ह हातात घट्ट न घालता बोटांच्या टोकांवर सैलसर अडकवायचा, म्हणजे झटकन सोडवता येई. जमिनीवरून सरपटत येणारा चेंडू तो ग्लोव्हनं किंचित वर उडवायचा, ग्लोव्ह टाकून द्यायचा आणि हवेतल्या हवेत चेंडू उघड्या हातानं पकडायचा. हलक्या हातानं ‘बंट’ करायचा असेल, तर बॅटचं टोक बरगडीशी टेकवून आधार द्यायचा. या सगळ्या युक्त्या त्याला कुणी शिकवल्या नव्हत्या. शिकवणार कोण? 

युद्धात हातपाय गमावलेले जवान त्या वेळी रोज मायदेशी परतत होते. इस्पितळातल्या या जवानांना पीटच्या खेळाची फिल्म दाखवली जाऊ लागली. पीट स्वतः इस्पितळांमध्ये जायचा, त्यांच्याशी बोलायचा. त्याच्यासारखाच हात गमावलेल्या एका चिमुरड्याला आईवडील कॅलिफोर्नियाहून त्याला भेटवायला घेऊन आले होते. पण लोक त्याच्या धैर्याचे गोडवे गायला लागले की तो अवघडायचा. एका सत्कारात त्यानं सरळ सांगून टाकलं, की धैर्य असतं ते रणांगणावर. आपण लढायला जाऊ शकलो नाही, तेव्हा बेसबॉलच्या मैदानावर धैर्याची भाषा नको.

वरच्या पायरीवर

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जानेवारी १९४२मध्येच पत्र लिहून बेसबॉल चालू ठेवण्याची इच्छा कळवली होती. जनतेला विरंगुळा हवा होता. पण खेळणार कोण? टेड विल्यम्स, जो डिमॅगिओ, बॉब फेलर, हँक ग्रीनबर्ग… सगळे मोठे खेळाडू गणवेशात होते. सिनसिनाटीच्या संघानं तर जून १९४४मध्ये जो नक्सहॉल या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाला पिचर म्हणून उतरवलं!

सेंट लुइस ब्राऊन्स हा संघ वर्षानुवर्षं तळाशी रखडायचा. नेमक्या या टंचाईच्या काळात, १९४४ साली, त्यानं सेंट लुइसमधल्या आपल्या इतिहासातलं एकमेव लीग-विजेतेपद पटकावलं. त्याच संघानं २० हजार डॉलर्स मोजून मेम्फिसकडून पीटला विकत घेतलं. १७ एप्रिल १९४५ रोजी तो मेजर लीगच्या मैदानावर उतरला. खाणकामगाराच्या पोराचं स्वप्न पुरं झालं.

सुरुवातीला सगळं छान चाललं. २० मे रोजी न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध एकाच दिवशी झालेले दोन्ही सामने ब्राऊन्सनं जिंकले आणि त्यात पीटच्या बॅटचा मोठा वाटा होता. यांकीज म्हणजे ज्या बेब रूथला बघून त्यानं स्वप्न पाहिलं, त्याचा संघ. यापेक्षा मोठं सुख ते काय असणार?

पण मेजर लीगचे पिचर म्हणजे पक्के बेरकी. काही आठवड्यांतच त्यांनी पीटची दुखरी नस शोधून काढली. वेगवान चेंडू तो झकास मारायचा. मग त्याला वेगवान चेंडू टाकणंच त्यांनी बंद केलं. वळणारे आणि फसवे, मंद चेंडू सुरू झाले. दोन हातांच्या बॅटरला शेवटच्या क्षणी फटका आवरता येतो, कारण वरचा हात बॅटला लगाम घालतो. पीटची बॅट एकदा सुटली की सुटली. चेंडू फसवा आहे हे नजरेला कळायचं, पण तोवर बॅट पुढे निघून गेलेली असायची. दिसत असूनही काही करता येत नाही, यासारखी तडफड दुसरी नाही.

फील्डिंगमध्येही तेच. छातीवरून चेंडू घरंगळवण्यात जो एक क्षण जायचा, तो मायनर लीगमध्ये खपून गेला होता. इथले धावपटू त्या क्षणाचा फायदा घेऊन एक बेस जास्त पळायला लागले.

संघातही कुजबुज सुरू झाली. आपण गेल्या वर्षीचे विजेते. यंदा पुन्हा जिंकायचंय आणि मालकानं तिकीटं खपवायला हा माणूस आणलाय, असं काही सहकाऱ्यांना वाटायचं. त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं म्हणता येत नाही. पीटला बघायला गर्दी होत होती हे खरं. अन् त्याच्या जागी दुसरा खेळाडू असता तर दोन-चार सामने जास्त जिंकता आले असते, हेही शक्य आहे. ब्राऊन्स त्या वर्षी तिसऱ्या क्रमांकावर राहिला.

पीटही काही मनमिळाऊ माणूस नव्हता. कुणी मदतीला हात पुढे केला की त्याला दयेचा वास यायचा आणि तो फटकून वागायचा. साधी गोष्ट, पण ज्यानं आयुष्यभर ‘बिच्चारा’ हा शब्द अंगावर झेललाय, त्यालाच तिचं मर्म कळेल. आपण तमाशाचं अस्वल नाही, हे पीटला रोज सिद्ध करावं लागत होतं. रोज सिद्ध करायचं म्हटल्यावर माणूस तुसडा होतोच.

वर्षअखेरचा हिशेब असा : ७७ सामने, २३४ वेळा बॅटिंग, ५१ हिट्स, सरासरी .२१८. होमरन एकही नाही. कागदावर हे आकडे सामान्यच. मात्र त्यातच आणखी एक आकडा दडलेला आहे. २३४ वेळांपैकी चेंडू न लागता ‘स्ट्राइकआउट’ होऊन तो परतला फक्त अकरा वेळा! फसव्या चेंडूंवरही बॅट लावायचीच, ही जिद्द त्या अकराच्या आकड्यात दिसते.

या सगळ्याला आणखी एक बाजू आहे आणि ती अमेरिकेला फारशी शोभणारी नाही. खेळाडूंचा दुष्काळ पडला तेव्हा मेजर लीगनं पंधरा वर्षांचा मुलगा चालवून घेतला, एक हात नसलेला आउटफिल्डर चालवून घेतला. पण धडधाकट, गुणी कृष्णवर्णीय खेळाडूंना मात्र दार बंदच होतं. जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये खेळायला उतरला तो १९४७मध्ये. पीटची रिकामी बाही त्या काळातली ही विसंगतीही ठळक करून जाते.

उतरणीची वाट

युद्ध संपलं. गणवेशातले तारे परत आले. ३० सप्टेंबर १९४५ रोजी, मोसमाच्या अखेरच्या दिवशी, सैन्यातून नुकत्याच परतलेल्या हँक ग्रीनबर्गनं सेंट लुइसच्या मैदानावर तिन्ही बेस भरलेले असताना होमरन ठोकला आणि डेट्रॉइटला विजेतेपद मिळवून दिलं. समोरचा संघ होता ब्राऊन्स. बदली खेळाडूंचे दिवस संपल्याची ती दवंडीच म्हणायची.

पीटला मेजर लीगमधून पुन्हा बोलावणं आलं नाही. १९४६मध्ये तो टोलेडोसाठी खेळला, सरासरी .२५०. १९४८मध्ये एल्मायराला त्यानं .२९०ची सरासरी नोंदवली. १९४९मध्ये डॅलसमध्ये ती .२१४वर आली. शिडी तीच, फक्त आता पावलं उलट दिशेनं पडत होती. काही काळ गावोगाव प्रदर्शनीय सामने खेळल्यावर तो नॅन्टिकोकला परतला.

पुढचं आयुष्य त्यानं त्याच गावात, आपल्या जुन्या घरात काढलं. लग्न केलं नाही. दारू आणि जुगारानं त्याला काही काळ घेरलं होतं. जुन्या आठवणी उगाळायला पत्रकार आले की तो त्यांना वाटेला लावायचा. १९८६मध्ये त्याच्या आयुष्यावर अमेरिकन टेलिव्हिजनवर चित्रपट आला, कीथ कॅराडाइननं त्याची भूमिका केली आणि नवी पिढी त्याला ओळखू लागली. ३० जून २००२ रोजी वयाच्या ८७व्या वर्षी तो वारला.

तो जिवंत असतानाच, ४ सप्टेंबर १९९३ रोजी, न्यूयॉर्क यांकीजच्या एका पिचरनं क्लीव्हलँडला संपूर्ण सामन्यात एकही हिट मिळू दिला नाही. त्याचं नाव जिम ॲबट. जन्मतःच त्याला उजवा पंजा नव्हता. चेंडू टाकताना ग्लोव्ह उजव्या मनगटावर टेकवायचा आणि चेंडू सुटल्याबरोबर डावा हात त्यात सरकवायचा, ही त्याची युक्ती. ती त्याची स्वतःची होती. मात्र असा खेळाडू वरच्या पायरीवर उभा राहू शकतो, ही कल्पना अमेरिकेला तोवर नवी राहिली नव्हती.

पीटचा तो अस्तर काढलेला ग्लोव्ह कूपर्सटाऊनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये जपून ठेवलेला आहे. पण पीटला स्वतःला त्याहून आवडली असती ती बेसबॉलच्या जाडजूड रेकॉर्ड बुकातली एक ओळ. १९४५, सेंट लुइस, सामने ७७, हिट्स ५१, सरासरी .२१८. हजारो खेळाडूंच्या हजारो ओळींमधली ही एक. तिथं ना टाळ्या आहेत, ना सहानुभूती. खेळाडूला हात किती, हे नोंदवायला त्या बुकात रकानाच नाही.